तिचं गाव आलं, उतरली

शालनबाईंनी आयुष्यात पिक्चर बरेच पाहिले असतील, पण सांगितला एकच. धाराशिवच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या आणि मी मराठी. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची निम्मी नोकरी होऊन गेली होती. पहिल्याच आठवड्यात एका सहकारी शिक्षिकेने मला विचारलं, "बाईंचा पिक्चर ऐकला का?" पिक्चर बघतात, ऐकत नाहीत, एवढं मराठी मला तेव्हाही येत होतं. मी तसं म्हटलं तर ती नुसती हसली.

मग एके दिवशी शिवणाच्या खोलीवरून जाताना आतून मशीनचा आवाज आला. शिवताना येतो तसा तो नव्हता. हळू चालायचं, धाप लागल्यासारखं थांबायचं, आणि मग एकदम सुसाट सुटायचं. मी डोकावले. बाई मशीनवर बसल्या होत्या, पण सुईखाली कापड नव्हतं आणि सुईत दोराही नव्हता. सगळा वर्ग खाली सतरंजीवर तोंडं उघडी टाकून बसलेला. बाई पायडल मारत सांगत होत्या, "आता घाट लागला. गाडी चढंना. ह्यो खाली उतरला आन् ढकलाया लागला. कण्हतीय गाडी. कण्हतीय. आन् आला माथा! आता उतार!" मशीन असं काही धावलं की दोन पोरींनी आपसूक एकमेकींना धरलं.

तो पिक्चर इंग्रजी होता. बाई सोलापूरला शिवणाचा कोर्स करत असताना रविवार सकाळच्या खेळाला त्यांनी तो पाहिला. त्या काळी रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चरला कोण जायचं आणि कशाच्या आशेनं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पडद्यावर तसलं काही दिसेना, नुसता रस्ताच रस्ता दिसायला लागला, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि मध्यंतरात निम्मं थेटर रिकामं झालं. बाई बसून राहिल्या. त्यांना इंग्रजी किती कळत होतं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "येस आन् नोच्या मधलं सोडून सगळं."

गोष्ट अशी होती. खांद्यापर्यंत केस वाढवलेले दोन दोस्त. लढाईवर हजर व्हा म्हणून दोघांना हुकूम येतो. ते घराची किल्ली नदीत फेकतात आणि एका जुनाट मोटरसायकलवरून निघतात. गाडीला शेजारी डबा जोडलेला, सायडकार. वाटेत एका खानावळीत कपबशा धुणारी पोरगी म्हणते, मीही येते, आणि डब्यात बसते. जायचं कुठं, ते तिघांनाही ठाऊक नाही. गावोगाव लोक त्यांना हाकलतात, कुणी पाणी देत नाही, एके ठिकाणी दगड मारतात. शेवटी मिठाचं पांढरं मैदान लागतं, रस्ता संपतो, गाडी तशीच पुढं जाते आणि पडदा पांढरा होतो. "शेवट दावलाच न्हाय," बाई म्हणायच्या, "कारण शेवट नव्हताच. घरी परत येणारा ह्यो पिच्चर न्हाय पोरींनो."

पण शेवटाच्या आधीच सायडकार रिकामी असायची. सगळ्या पोरींच्या हे लक्षात यायचं आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचीच, "बाई, ती पोरगी कुठं गेली?"

बाई पायडल न थांबवता सांगायच्या, "तिचं गाव आलं, उतरली."

यष्टीत वाढलेल्या पोरी त्या. ज्याचं गाव येतं तो उतरतो, यात विचारण्यासारखं काय आहे? त्यावर बाई आणखी एक तपशील घालायच्या. तिच्यानंतर त्या दोघांनी त्या डब्यात कुणालाही बसवलं नाही, तिची जागा तशीच मोकळी ठेवली. हे ऐकून मोठ्या वर्गातल्या पोरी सुस्कारे टाकायच्या.

शाळेत हे वाक्य पुढं म्हणीसारखं रुळलं. नववीतली एखादी पोर दिवाळीच्या सुट्टीनंतर यायची नाही. लग्न झालेलं असायचं. हजेरीत तिचं नाव निघालं की मागून कुणीतरी पुटपुटायची, "तिचं गाव आलं, उतरली." वर्ग हळूच हसायचा. शिक्षकांच्या खोलीतही आम्ही तसंच म्हणायचो. बरं वाटायचं ते म्हटलं की. चहा थंड व्हायच्या आत विषय संपायचा.

बाई दिसायला काटक, काळ्यासावळ्या, आणि चालताना कायम कुणाच्या तरी पुढं. पिक्चरमधल्या एकाच्या अंगात झालरीचं जाकीट होतं, म्हणून त्यांनी उरलेल्या खाकी कापडाचं एक जाकीट शिवलं आणि त्याच्या बाह्यांना झालर लावली. नऊवारी नव्हे, पण चांगल्या चापूनचोपून नेसलेल्या सुती पातळावर ते जाकीट घालून त्या मोपेडवर बसायच्या. बेंबळीच्या शेतकऱ्याघरची ही पोरगी, लग्न न केलेली, झालर उडवत बाजारपेठेतून जायला लागली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायचे. मुख्याध्यापिकेनं एकदा बोलावून सांगितलं, "शालनबाई, शोभत नाही." बाईंनी जाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "शिलाईत चूक दावा, लगेच उसवते." चूक काही निघाली नाही.

शनिवारी शाळा सकाळची. बाई घरी जाऊन जेवायच्या आणि मोपेड काढायच्या. कुठं जायचं ते गावाबाहेरच्या चौकात ठरायचं. कधी तेर, कधी परांडा, आणि सगळ्यात जास्त वेळा माकणीचं धरण. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे सरळच सांगते. माझ्या घरी नवरा, सासू, दोन पोरं, आणि शनिवारी दुपारी गव्हाला ऊन दाखवायचं काम.

एकदा मी गेले त्यांच्याबरोबर. सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जाते म्हटल्यावर सासूबाईंना नाही म्हणता येईना. परांड्याच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाल्यासमोर आम्ही दोघी उभ्या आणि भोवती पाच-सहा बाप्ये गोळा झालेले. त्यातल्या एकानं विचारलंच, "बाई, मालक कुठं हायत?" बाई टायराकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याच्यातच व्हते. आत्ताच हवा गेली त्यांची." पंक्चरवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब सोडून हसत बसला.

सोनारीला देवळाच्या आवारात माकडानं माझ्या हातातला नारळ पळवला. मी खट्टू झाले. बाई म्हणाल्या, "कशाला रडायलीस? पोचला म्हण देवाला." त्या स्वतः आत गेल्याच नाहीत, बाहेर पारावर पाय सोडून बसल्या. परत निघताना मी म्हटलं, "एवढं लांब आलात आणि दर्शन नाही घेतलंत?" तर म्हणाल्या, "मला देवाला जायचं न्हवतं गं. मला जायचं व्हतं."

बाईंच्या घरी पोचलो तर दिवेलागण झालेली. दारात अनसूयावहिनी. बाईंच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तरुणपणीच आजारात गेला, मूलबाळ नव्हतं. बाईंच्या वडलांना, म्हणजे दादांना, अर्धांगवायू झाल्यावर बेंबळीची जमीन वाट्यानं लावून ही तीन माणसं धाराशिवात दोन खोल्यांत राहायला आली होती. दादांचं सगळं अंथरुणात. ते वहिनी बघायच्या. नणंद-भावजयीत कधी वाकडा शब्द नव्हता. दोघी एकमेकींना तुम्हीच म्हणायच्या, आणि गल्लीत त्याचं कौतुक होतं.

"कुठं कुठं गेलाव, वन्सं?" वहिनींनी हौसेनं विचारलं.

"हितंच, सोनारीला," बाई म्हणाल्या आणि पाय धुवायला मोरीत गेल्या.

मला ते खटकलं. शाळेत पोरींना घाटातलं वळण न् वळण पायानं वाजवून दाखवणारी ही बाई घरी दोन शब्दांत गाशा गुंडाळायची. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या, मी तरी काही सांगेन म्हणून. मी माकडाची गोष्ट सांगितली. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आतून दादांनी विचारलं, काय झालं. मग त्यांनी आम्हाला वाढलं. भाकरी टोपल्यात फडक्याखाली गरम होत्या. आम्ही कधी येणार ते कुणी सांगितलेलं नसताना गरम कशा होत्या, हा प्रश्न तेव्हा मलाही पडला नाही. भूक लागली होती.

पुढं दादा गेले. बाई निवृत्त झाल्या, मग मीही झाले. बाईंचे गुडघे गेले आणि गाडी चालवणं सुटलं. पण पिक्चर सुटला नाही. जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या की फर्माईश व्हायची आणि बाई घरच्या मशीनवर बसून निदान घाट आणि उतार तरी वाजवून दाखवायच्या.

त्यांतली एक नसरीन. काज करण्यात कच्ची आणि पिक्चर ऐकण्यात पक्की. तिचे अब्बा बांगड्यांचं दुकान चालवायचे. ती आता पुण्यात असते, आणि काम काय करते तर परदेशी पिक्चरच्या खाली येणाऱ्या मराठी ओळी लिहिते. मला तर वाटतं तिची ही नोकरी बाईंनीच लावली. परवाच्या ईदला ती घरी आली तेव्हा आधी माझ्याकडं आली. बाईंचा पिक्चर तिला सापडला होता. अख्खा. तिनं हौसेनं त्याच्या मराठी ओळीही करून आणल्या होत्या. बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती, त्या निमित्तानं शाळेत दाखवायचा असा बेत होता. पण नसरीनचा चेहरा काही बेत ठरवणाऱ्या माणसाचा नव्हता.

"मॅडम, दाखवू का नको?" ती म्हणाली.

"का गं? जुना झालाय?"

"रस्ता जुना झाला नाही. अजून काटा येतो अंगावर. पण माणसं..." ती थांबली. "आपल्याकडं तेव्हा जी प्रत आली ना, ती कापलेली होती. मधला बराच भाग गाळलेला. बाईंना दिसलाच नाही तो."

मी मराठीची शिक्षिका. आयुष्यभर पोरींना शिकवलं की चांगली कलाकृती काळाला पुरून उरते. तेच मी तिलाही ऐकवलं, आणि वर म्हटलं की माणसं बदलतात, पिक्चर तोच राहतो. ती म्हणाली, "पिक्चर तोच आहे मॅडम, हीच तर पंचाईत आहे." मग तिनं गाळलेल्या भागात काय आहे ते सांगितलं. ऐकून मी म्हटलं, राहू दे, आपण सत्कार करू, लाडू वाटू.

पण गावात बातमी लपते का? बाईंना कळलं आणि त्यांनी नसरीनला फैलावर घेतलं. "म्हातारीला फसवायलीस व्हय? आणलायस तर दाव की. मी शिकवलंय न्हवं तुला, कापड धुतल्याबिगर रंग पक्का का कच्चा कळत न्हाय. पक्का असंल तर जाईल कशाला?" एवढंच करून थांबल्या नाहीत. वहिनींना म्हणाल्या, "वैनी, तुम्ही बी चला. एवढी वर्सं ऐकताव, आज बघा."

वहिनींनी तो पिक्चर दुसऱ्या खोलीतून ऐकलेला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा करता करता. त्या आल्या. ठेवणीतलं इरकल नेसून आल्या.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी पडदे ओढून पिक्चर लावला. जुन्या विद्यार्थिनी होत्या, त्यांच्या लेकी होत्या. पुढच्या रांगेत बाई आणि वहिनी शेजारी शेजारी, मागं मी. किल्ली नदीत पडली तेव्हा टाळ्या वाजल्या. बाईंचा उजवा पाय जमिनीवर पायडल मारत होता. घाट आला, आणि खरंच सांगते, तो मशीनवरच्या घाटाइतकाच भारी होता. बाई मागं वळून माझ्याकडं बघून हसल्या. "हाय का न्हाय?" म्हणाल्या.

मग ती पोरगी डब्यात बसली, आणि आम्ही कधीच न ऐकलेला पिक्चर सुरू झाला.

ते दोघं झाडाखाली झोपायचे आणि ती नदीवर त्यांचे कपडे धुवायची. ती दगडांची चूल मांडायची. त्या प्रसिद्ध जाकिटाची झालर उसवली तर ती टाके घालत बसायची आणि दोघं स्वातंत्र्यावर बोलायचे. खाली नसरीनच्या ओळी येत होत्या. एकजण म्हणाला, "ही आल्यापासून गाडी जड झालीय." दुसरा हसला. बाईंचा पाय थांबला होता.

पेट्रोल पंप आला. पोरगी म्हणाली, तोंड धुऊन आले, आणि पंपाच्या मागं गेली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. गाडी चालू न करता, आवाज होऊ नये म्हणून ढकलत रस्त्यापर्यंत नेली. लांब गेल्यावर किक मारली आणि पोट धरून हसले. पोरगी ओल्या तोंडानं बाहेर आली. तिनं आधी गाडी उभी होती ती जागा पाहिली, मग रस्ता पाहिला. पिक्चर तिच्याजवळ थांबला नाही. तो त्या दोघांबरोबर पुढं गेला, गाणं लागलं, सूर्य खाली आला. पुढच्या गावात त्यांनी तिच्या जागी बाटल्यांचं खोकं ठेवलं.

मागून कुणाची तरी शाळकरी लेक मोठ्यानं म्हणाली, "शी! किती घाण माणसं!" तिच्या आईनं तिला गप्प केलं. आणि वहिनी, कुणाला उद्देशून नव्हे, समोर बघत म्हणाल्या,

"हारन तरी वाजवायचा."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. वहिनींनी पाहिलं नाही. मी मागं बसले होते, मला दोघींचे फक्त अंबाडे दिसत होते, आणि बाईंचा अंबाडा हळूहळू खाली गेला. मिठाचं मैदान आलं, पडदा पांढरा झाला, दिवे लागले, तरी तो वर आला नाही. जन्मात डोक्यावर पदर न घेतलेल्या बाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता.

सत्काराला उत्तर द्यायचं होतं. लोकांना वाटलं बाई भारावल्या. त्या माईकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "रंग गेला पोरींनो. रस्त्याचा न्हाय गेला. माणसांचा गेला." मग त्यांनी माईक जवळ ओढला. "मला कापलेला पिच्चर दिसला, ही काय माझी चूक न्हाय. पण मधी भोक पडलेलं दिसत व्हतं की. मी तिथं ठिगळ लावलं. तिचं गाव आलं म्हणलं. तिला गाव व्हतं का न्हवतं, मला काय माहीत? पर म्हणलं की बरं असतंय. गाडी थांबवावी लागत न्हाय." त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "आन् आपण शाळेत काय म्हणत व्हतो? नववीतल्या पोरींना? त्यांचं काय गाव आलं व्हतं? उतरवलं की त्यास्नी. आन् आपण हसलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला मान खाली घालावीशी वाटली आणि मी घातली. शेजारच्या बाईनंही घातली. लाडवांचं ताट बराच वेळ टेबलावर तसंच राहिलं.

मी दोघींना रिक्षानं घरी सोडलं. घरी गेल्यावर वहिनी सवयीनं चहा टाकायला निघाल्या तर बाईंनी त्यांचा हात धरला. "बसा वैनी. हारनचं का म्हणालाव?"

"काय न्हाय. आपलं निघालं तोंडातनं."

"सांगा."

वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, दुधाचा हिशेब सांगतात तसा. "तुम्ही म्हणाला व्हता एकदा, चला वैनी, माकणीचं धरण दावते. म्या पातळ बदललं. वेणी घातली. तेवढ्यात दादांनी हाक मारली. त्यांचं सगळं खराब झालं व्हतं, ते बदलून, धुऊन आले तवर तुम्ही गेला व्हताव. मला वाटलं चौकात थांबल्या असतील. चपला घालून दारात हुबी राह्यले. मग काढल्या."

बाईंचा चेहरा मला बघवेना. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुमचं मन न्हाय. दादा हायत, म्हणून तुम्हीच... मला वाटलं, उगं कशाला आग्रह."

"व्हय की," वहिनी म्हणाल्या. "वाटलं असंल."

"एका शब्दानं बोलला न्हाय कधी."

"काय बोलायचं वन्सं? भांडी घासायची व्हती." आणि त्या चहा टाकायला उठल्याच.

त्यानंतर बाई कुणाकडं गेल्या नाहीत, फोन उचलेनात. मी एकदा जाऊन दामटलं, म्हटलं, एका पिक्चरपायी एवढं? त्या म्हणाल्या, "पिच्चर गेला चुलीत. अगं, मी घरातनं पळून न्हाय गेले कधी, मला त्याचा लई अभिमान व्हता. बापाला सोडलं न्हाय, भावजयीला सोडलं न्हाय, पगार घरात दिला. आन् दर शनवारी सोडून जात व्हते, ते मोजलंच न्हाय. मला वैनीच्या समोर जेवाया लाज वाटतीय. त्या वाढतात आन् मला घास उतरत न्हाय." मी वहिनींना बोलतं करायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "मला राग न्हाय हो बाई. राग कशाचा?" मला ते ऐकून जास्तच कसंतरी झालं. राग असता तर बाईंना काही करता आलं असतं.

शेवटी बाईंनीच विचारलं. मी तिथंच होते. म्हणाल्या, "वैनी, माकणीला जायचं का? यष्टीनं." वहिनी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जाऊ की." हो म्हणताना त्यांच्या आवाजात ना आनंद होता ना खोच. बाईंना वाटत होतं की त्यांनी एकदा तरी झिडकारावं. ते सुखही मिळालं नाही.

तिघी गेलो. मला बरोबर यायलाच लावलं, कारण बाईंना दोघींचा प्रवास पेलवणार नव्हता. माकणीला उतरून धरणाकडं चालत गेलो. ऊन कलतं होतं. बाई पुढं जाणाऱ्या, पण त्या दिवशी मागून चालत होत्या, वहिनी थांबल्या की थांबत होत्या. धरण आलं. पाणी लांबपर्यंत पसरलेलं, वाऱ्यानं बारीक सुरकुत्या पडलेल्या, काठाला दोन म्हशी. वहिनी भिंतीजवळ उभ्या राहिल्या. पदर सावरून त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग पुन्हा समोर. बाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

बाईंनी पाण्याकडं पाहिलं.

"याच्यासाठीच येत व्हताव का, वन्सं?" त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "मला वाटायचं, काय असंल, काय असंल."

"व्हय," बाई म्हणाल्या. "एवढंच." आणि पंच्याहत्तरीच्या शालनबाई, बाप्यांच्या घोळक्यात मालकाची हवा काढणाऱ्या, शाळकरी पोरीसारख्या खाली बघत उभ्या राहिल्या.

बराच वेळ गेला. मला परतायचं होतं, घरी नातू एकटा होता. परतीची शेवटची गाडी धरणाजवळूनच जायची, तिची वेळ होत आली होती. मी म्हटलं, "चलायचं का?" वहिनींनी चपला काढल्या, पायरीवर बसकण मारली आणि म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं बाई. मला बघायचंय अजून."

मी बाईंकडं पाहिलं. रस्ता हे जिचं आयुष्य ती बाई गाडीची वेळ माझ्यापेक्षा चांगली जाणत होती. एकदा त्यांनी धुरळ्यात येणाऱ्या यष्टीकडं पाहिलं, एकदा वहिनींच्या पाठीकडं पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग गुडघ्याला हात देत, कण्हत, वहिनींच्या एक पायरी मागं खाली बसल्या. शेजारी जागा होती, तिथं बसल्या नाहीत.

मी गाडीत चढले. खिडकीतून दोघी दिसत होत्या. कंडक्टरनं बोट दाखवून विचारलं, "त्या दोघी यायच्या हैत का?"

वहिनींनी वळून पाहिलं नाही. त्यामुळं बाईंनीही पाहिलं नाही.

"न्हाय," मी म्हटलं. "त्यांना वेळ हाय."